नावाडी बसत नाही

मैनाबाई आमच्या इतवारीतल्या घरी गहू निवडायला यायची. तिचा नवरा नत्थूजी वैनगंगेवर नाव चालवायचा. पुढे पूल झाला, नाव बंद पडली आणि दोन वर्षांत नत्थूजीही गेला. मूलबाळ नव्हतं. त्याचा फोटोसुद्धा नव्हता.

ती नाव नागपुरातल्या एका संग्रहालयात आणून ठेवल्याचं चौऱ्याहत्तर साली मी पेपरात वाचलं. गुरुवारी देवळातून परस्पर तिला घेऊन गेले.

नावेभोवती दोरी बांधली होती. आत प्लास्टरचा नावाडी, वल्हं धरून मांडी घालून बसलेला. मैनाबाईनं नावेला हात जोडले आणि मग पदर तोंडाला लावून हसली.

"पाह्य वं बाई, हा तं बसून राहिला!"

"बसला तर काय झालं?"

"नावेत माणसं असली का नावाडी बसत नाही. गंगामायचा मान असते. आमच्या बुढ्यानं तीस वरसं उभ्यानं काढली."

चौकीदार रुपराव म्हणाला, "पुतळा आहे मावशी. त्याचे काय पाय दुखतात?"

"दुखत नाही तं उभा कर ना गा त्याले!"

रुपराव हसला. ती नाही हसली. "शाळेची पोरं पाह्यतीन. म्हणतीन, नावाडी आळशी होता."

तिनं माझ्याकडून अर्ज लिहून घेतला, खाली अंगठा दिला. त्यानंतर दर गुरुवारी ती जायची. समोरच्या बाकावर तासभर बसायची. एकदा मी सोबत होते, तर हळूच म्हणाली, "कान मातर त्याच्यासारखेच काढले वं."

अर्जाची दखल घेतली गेली. संग्रहालयाचे साहेब भला माणूस. पण पुतळा बसलेलाच घडवलेला, उभा होणार कसा? चुकीचं दाखवायला नको म्हणून त्यांनी तो काढूनच टाकला. रुपरावनं मोठ्या आनंदानं सांगितलं, "मावशी, साहेबांनी तुमचं ऐकलं!"

नावेत नुसतं वल्हं आडवं पडलं होतं.

त्या दिवशी मीही सोबत होते. मैनाबाई बाकावर टेकली नाही. संग्रहालय बंद होईपर्यंत दोरीजवळ उभी राहिली. परतताना बसमध्ये म्हणाली, "बसला होता तं बसू द्याचा होता वं, बाई."

अर्ज माझ्याच अक्षरातला होता. मी मनात देवाचं नाव घेतलं आणि खिडकीबाहेर पाहत राहिले.