बाहीवरचा सुटलेला दोरा

माझ्या थोरल्या बहिणीला घरात गोगलगाय म्हणतात. हे नाव आईनेच ठेवलं. सकाळी शाळेला निघताना माझ्या दोन वेण्या घालून झाल्या, सुटल्या, पुन्हा घालून झाल्या, तरी ताई एका बुटाची लेस बांधत बसलेली असायची. "आटप गं, गोगलगाय!" ही हाक आमच्या घरात घड्याळाच्या टोल्यांसारखी रोज ऐकू यायची. "गोगलगाय नि पोटात पाय" असं लोक लबाड माणसाला म्हणतात. आमच्या ताईच्या पोटात लबाडी नाही, हट्ट आहे. तो दिसत नाही आणि हलतही नाही.

मी कुरिअरच्या कचेरीत काउंटरवर बसते. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला सगळं आजच्या आज हवं असतं, आणि मलाही. ताईचं काम याच्या अगदी उलट. ती बाहुल्यांच्या स्टॉप-मोशन फिल्म करते. वीतभर उंचीची बाहुली टेबलावर उभी करायची, तिचा हात केसभर हलवायचा, बाजूला व्हायचं, फोटो काढायचा. पुन्हा केसभर, पुन्हा फोटो. असे ढीगभर फोटो एकापाठोपाठ एक पळवले की बाहुली आपली आपण हात वर करते. ताई दिवसभर राबते तेव्हा बाहुलीने जेमतेम मान वळवलेली असते. संध्याकाळी मी विचारते, "काय, आज कुठवर?" तर ताई म्हणते, "आज तिला शिंक येणार होती, पण ती उद्यावर गेली."

हे सगळं चालतं घरामागच्या गॅरेजमध्ये. खिडक्यांना आतून काळा कागद. टेबलाचे पाय स्क्रूने जमिनीला पिळून बसवलेले, कारण टेबलाला कुणाचा साधा धक्का लागला तरी आठवड्याचं काम मातीमोल. जमिनीवर पट्ट्या चिकटवून पावलांच्या जागा आखल्यात, त्यांच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. आत जायचं तर अंगात काळाच शर्ट हवा, कारण शर्टाचा रंग दिव्याच्या उजेडात मिसळून बाहुलीच्या गालावर उतरतो. ताई बारा महिने काळ्या शर्टात असते. शेजारच्या काकूंची तर खात्री आहे की तिच्याकडे एकच शर्ट आहे.

ही फिल्म एका म्हाताऱ्या शिंपिणीची होती. आमची आई शिंपीण. गल्लीच्या तोंडाशी तिचं दुकान होतं. बाहुलीच्या अंगातला निळा लोकरी कोट तिनेच शिवला. बोटाच्या पेरांएवढ्या बाह्या, त्यांना आतून अस्तर, पुढे मोहरीएवढी बटणं. तो कोट शिवून झाला आणि त्यानंतर लवकरच तिला सुईचं नेढं दिसेनासं झालं. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडेचं दिसतं, मधलं पुसलं जातं. समोरच्याचा चेहरा पाहायचा असला तर आई त्याच्या कानापलीकडे बघते. उरलेलं किती टिकेल, असं आम्ही विचारलं. डॉक्टर म्हणाले, "काही सांगता येत नाही. पण दर तपासणीला कमी होतंय."

त्या दिवसापासून ताईला जन्मात पहिल्यांदा घाई झाली. आईला दिसतंय तोवर फिल्म पुरी व्हायला हवी, बस. बाकी कुणी ती बघो न बघो.

एकच शॉट उरला होता, शेवटचा. म्हातारी कोट घालून मशीनपासून उठते, खोलीभर एकदा नजर फिरवते, चालत दारापाशी जाते आणि बाहेर पडते. मध्ये कुठेही न तोडता, सलग. मी म्हटलं, तुकडे कर ना बाई, एक बिघडला तर दुसरा तरी हाती राहील. ताई म्हणाली, "तुकडा पाडला की बघणारा श्वास घेतो. इथे मला तो घेऊ द्यायचा नाहीये." घ्या. मग थंडी सुरू झाल्यापासून आमचाच श्वास अडकला.

त्यात म्हातारीचा उजवा कोपर. बाहुलीच्या आत तारेचा सांगाडा असतो. तार वाकवून वाकवून थकते आणि एक दिवस तुटते. उजव्या कोपरातली तार आता हाताला मऊ लागायला लागली होती. बदलायची तर कोट उसवायला हवा, आणि उसवलेला कोट पुन्हा तसाच शिवू शकणारं माणूस जगात एकच होतं. म्हणून ताईने ठरवून टाकलं की या शॉटमध्ये उजवा हात वाकणारच नाही. लोंबता राहील. दार डाव्या हाताने उघडेल.

आणि एक दोरा. रोजच्या हाताळणीने उजव्या बाहीच्या टोकातून एक निळा दोरा हळूहळू बाहेर आला होता, नखाएवढा. ताईला तो दिसला होता. पण शॉट चालू असताना आलेला दोरा कापत नाहीत. फिल्ममध्ये तो एका क्षणी असेल आणि पुढच्या क्षणी गायब होईल, डोळ्यात कुसळ गेल्यासारखा खुपेल. आला तर आला, शेवटपर्यंत सांभाळायचा. ताई चिमट्याने तो दोरासुद्धा दर फोटोला किंचित हलवायची.

त्या रविवारी म्हातारी जेमतेम मशीनपासून उठून उभी राहिली होती. मीटर वाचणारा आला म्हणून ताई फाटकाशी गेली. मी स्वयंपाकघरात चहा ओतत होते. आई मागच्या दाराने आत आली. चेहऱ्यावर समाधान.

"कोटाला दोरा लोंबत होता," ती म्हणाली. "कापून टाकला. असं काम बाहेर गेलं तर लोक मला नावं ठेवतील."

चहा बशीत सांडला. "कुठल्या कोटाला?"

"त्या म्हातारीच्या. बोटाला लागला. गोगलगायीला बोलवायला गेले होते, ती नव्हती तिथे."

मी धावत सुटले. गॅरेजच्या दारात माझा लाल स्वेटर आठवला आणि तशीच उंबऱ्यावर थिजले. ताई आत पोचलेली होती. म्हातारी जागची हललेली नव्हती, एक केसही नाही. आईने आयुष्यभर गिऱ्हाइकांच्या अंगावरचे दोरे त्यांना कळू न देता कापले होते, तिच्या कात्रीने बाहुली कशाला हलेल? ताई कॉम्प्युटरवर मागचा फोटो आणि समोरची बाहुली आलटून पालटून बघत होती. दोरा आहे, दोरा नाही. आहे, नाही.

"पुसता येत नाही का कॉम्प्युटरवर?" मी विचारलं.

"येईल. पण तो हाताबरोबर हलतो, त्याची सावली कोटावर पडते. आतापर्यंतच्या एकेका फोटोतून पुसत बसले तर आईचे डोळे थांबणार आहेत का?"

"मग पहिल्यापासून?"

"कोपर टिकणार नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिडीक आईची नव्हती, त्या डोळ्यांची होती, पण डोळ्यांवर ओरडता येत नाही. "थांब, मी विचारतेच तिला! दारावर पाटी लावली होती ना, हात लावू नका म्हणून?"

"तिला पाटी वाचता येत नाही आता," ताई म्हणाली.

मी उंबऱ्यावरच टेकले.

"तिच्यासमोर ब्र काढायचा नाही," ताई पुढे म्हणाली. "उतू जातो म्हणून चहा करणं सोडलं तिने. पडेन म्हणून जिना सोडला. हे कळलं ना, तर हाताची घडी घालून बसेल ती आणि पुन्हा कशाला शिवणार नाही." मग ती म्हातारीकडे वळली. "दोरा हवा. तोच. लोकरीतून ओढला गेलाय, त्याला वळण पडलंय. दुसरा चालणार नाही."

आता आईची एक सवय सांगायला हवी. कापलेला दोरा ती खाली टाकत नाही, पायात येतो. छातीपाशी स्वेटरला चिकटवून ठेवते. दुकान बंद होऊन कैक दिवस झाले, सवय गेली नाही. मी चहाचा कप तिच्यापुढे ठेवला आणि समोर बसले. राखाडी स्वेटरवर पाच-सहा दोरे होते: पांढरा, काळा, उशीच्या अभ्र्याचा पिवळा, आणि दोन निळे.

"तुझ्या स्वेटरवर किती कचरा झालाय," मी म्हटलं आणि हात पुढे केला.

"असू दे."

"नाही, घाण दिसतं." एक निळा सुती होता, सरळ. दुसरा लोकरीचा, आकड्यासारखा वळलेला. तो चिमटीत धरला, तेवढ्यात आईने माझं मनगट पकडलं.

"हात गार का गं तुझे?"

"थंडी आहे ना," मी म्हटलं. माझ्यासारख्या उतावळीने एक दोरा बंद मुठीत धरून अंगणातून पाऊल मोजत जावं, हे दृश्य बघायला कुणी नव्हतं ते बरंच झालं.

ताईने मेणाच्या कणाने दोरा बाहीला परत लावला. मागच्या फोटोशी ताडून तो जागेवर बसवायला दुपार गेली. मला वाटलं, संपलं. पण मेण दिव्यांच्या उष्णतेने मऊ होणार, आणि दारापर्यंतची चाल बऱ्याच दिवसांची. दोरा तोवर टिकणं शक्य नव्हतं.

"मग म्हातारीलाच तोडू दे," ताई म्हणाली.

"काय?"

"तिला दोरा दिसेल. ती तोडेल. मग कुणाला खुपणार नाही."

"उजव्या बाहीचा दोरा! म्हणजे उजवा हात वाकणार. कोपर तुटला तर?"

"तर गेलं सगळं," ती म्हणाली, आणि आरशासमोर जाऊन उभी राहिली. प्रत्येक हालचाल ती आधी स्वतः करून बघते. मी मोबाइलवर सेकंद मोजले. ताईने खाली मनगटाकडे पाहिलं. दोरा दिसला. मग तिने मान वळवून हळूच दाराकडे चोरटी नजर टाकली, मनगट झटकन तोंडाशी नेलं आणि दोरा दाताने तोडला.

मला हसू फुटलं. दुकानात आईचा कायदा होता: दोरा कात्रीनेच कापायचा, दाताने तोडणारीने शिंपीण म्हणवू नये. यावरून तिने आम्हा दोघींना धपाटेही घातलेत. आणि कात्री हाताशी नसली की स्वतः मात्र दाराकडे बघून, गिऱ्हाईक येत नाही ना याची खात्री करून, दाताने कुट्‌ करून तोडायची. आम्ही पडद्यामागे गृहपाठ करत बसलेलो असायचो. आपल्याला कुणी पाहत नाही, असं तिला वाटायचं.

मी रजा टाकली आणि काळा शर्ट घालून आखलेल्या पट्टीवर उभी राहिले. बटण दाबायचं काम माझं. हात वर जाऊ लागला. केसभर, फोटो. केसभर, फोटो. ताई कोपराला बोट लावायची नाही, खांद्याकडून जितकं देता येईल तितकं द्यायची आणि उरलेलंच कोपराकडे मागायची. तिच्या वरच्या ओठावर घाम होता. मी देवाला नाही, त्या तारेला हात जोडत होते. मनगट तोंडाशी पोचलं. बाहुलीचे ओठ उघडत नव्हते, पण आड हात होता. ताईने चिमट्याने दोरा काढला. फोटो. दोरा गेला, आणि कसा गेला ते आता बघणाऱ्याला कळणार होतं.

हात खाली आणताना आवाज आला. बारीकसा, काडी मोडल्यासारखा.

तार तुटली होती. हात एकदम खाली पडला आणि कोटाच्या बाहीत लोंबत राहिला. ताईने बाहुलीला हात लावला नाही. नुसती बघत राहिली, इतका वेळ की मला ओरडावंसं वाटलं.

"दाब," ती म्हणाली.

"अगं पण पडला ना तो!"

"दमलेला हात असाच पडतो. आता तो लोंबायचाच होता. दाब."

मी बटण दाबलं.

फिल्म पुरी झाली तेव्हा थंडी संपत आली होती. पडदे ओढून आम्ही ती घरच्या टीव्हीवर लावली. आईने खुर्ची अगदी जवळ ओढली, बसली, आणि तोंड फिरवून भिंतीकडे बघू लागली. परक्याला वाटलं असतं, बाई रुसली. पण तिला तसंच दिसतं, कडेने. तेवढं तरी दिसतंय का, हे विचारायची हिंमत आमच्यात नव्हती.

म्हातारी मशीनपासून उठली. मनगटाकडे पाहिलं. दाराकडे चोरटी नजर टाकली. दोरा तोडला. हात थकून खाली आला. खोलीभर एकदा बघून ती सावकाश चालत गेली, दार उघडलं आणि बाहेर पडली. पडदा काळा झाला. आई भिंतीकडेच बघत होती. ताईने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखत होती.

"दाराकडे बघितलं तिने," आई म्हणाली.

"हो," ताई म्हणाली.

"म्हणजे तुम्ही दोघी बघत होतात."

"नेहमी."

आई हसायला लागली. पदराने डोळे पुसून झाले तरी हसत राहिली. मग एकदम थांबली. "तो दोरा तर मी कापला होता."

ताईचा चेहरा पडला. "कापलास," ती हळूच म्हणाली. "आम्ही परत लावला."

"तरीच ही मेली माझ्या स्वेटरवरचा कचरा वेचत होती! जन्मात कधी केरसुणी हातात धरली नाही हिने." तिने चाचपडत ताईचा हात शोधला आणि आपल्या मांडीवर ओढून घेतला. थोडा वेळ तिची बोटं ताईच्या बोटांवरून फिरत राहिली, कापड तपासावं तशी.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

ताई रिमोट उचलायला धडपडली. तो हातातून निसटला, खुर्चीखाली गेला. घाईघाईने ती गुडघ्यांवर बसून शोधू लागली.

"सावकाश गं, गोगलगाय," आई म्हणाली आणि तोंड पुन्हा भिंतीकडे फिरवून बसली. "मी बघतेय."