दह्याची अर्धी वाटी

“उपाशी आहे ना?” डॉक्टरबाईंनी विचारलं आणि मी “हो” म्हणालो.

एवढंच. त्या वेळी मागच्या बाकावर कुत्र्याला मांडीत घेतलेल्या एक बाई बसल्या होत्या, त्यांना ऐकू गेलं असतं. ऑफिसातून रजा काढलेली होती. नाही म्हटलं असतं तर ऑपरेशन पुढं गेलं असतं. ही कारणं मी नंतर गोळा केली. त्या क्षणी मला फक्त लाज वाटली होती.

मांजरी माझ्या मुलीची. मुलगी नोकरीला बंगळूरला गेली आणि मांजरी मुलुंडला आमच्यापाशी राहिली. नसबंदीचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मुलीनं फोनवर तीनदा बजावलं होतं, “बाबा, रात्री दहानंतर तिला काही म्हणजे काही द्यायचं नाही. पोटात अन्न असलं तर भुलीत उलटी होते आणि ती श्वासनलिकेत जाते. ती किती पण नाटकं करू दे. राहील ना लक्षात, की आईला सांगू?”

“राहील गं.”

राहिलंही होतं. पण आमच्या घरात परीक्षेला, मुलाखतीला, दवाखान्यात निघालेल्या माणसाच्या हातावर दही ठेवल्याशिवाय त्याला कुणी दाराबाहेर जाऊ देत नाही. सकाळी बायको आंघोळीला गेली होती. मांजरी पायात घोटाळत ओरडत होती. मी शकुनापुरतं बोटभर दही तिच्यापुढं धरलं. तिनं बोट चाटून साफ केलं आणि वर बघितलं. मग मी वाटीच खाली ठेवली. अर्धी भरलेली होती. तिनं ती रिकामी केल्यावर मी विसळून जागेवर पालथी घातली. म्हणजे आपण काय करतोय ते मला कळत होतं.

दुपारी दोनला तिला परत दिलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, “काका, भूल अजून पुरती उतरलेली नाही. जमिनीवरच ठेवा, पलंगावर नको. संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा नाही. थोडी लाळ सुटेल, घाबरू नका.”

घरी येऊन पडदे ओढले, पंखा बंद केला, फरशीवर गोधडी अंथरली. तिचे डोळे उघडे होते, पण बघत नव्हते. मधूनच उठायची, मागचे पाय फाकायचे, कलंडायची.

“अहो, देशी मारून आल्यासारखी चालतेय बघा,” बायको हसली. “जरा हसा की! ऑपरेशन तिचं झालंय आणि तोंड तुमचं उतरलंय.”

मला हसता येईना. वस्तरा फिरवलेलं तिचं गुलाबी पोट वरखाली होत होतं, तेवढ्यावरच माझी नजर. एक श्वास संपला की पुढचा येईपर्यंत मी माझा धरून ठेवत होतो. साडेतीनच्या सुमारास ती ओठ चाटायला लागली. पुन्हा पुन्हा गिळायला लागली.

“तहान लागली असेल,” बायको म्हणाली.

“डॉक्टरला फोन लाव.”

“कशाला? लाळ सुटेल म्हणाल्यात ना त्या?”

इथंही मला गप्प बसता आलं असतं. आजवर बऱ्याच गोष्टी मी गप्प बसूनच निभावून नेल्यात.

“मी तिला सकाळी दही दिलं.”

“काय दिलंत?”

“दही. शकुनाचं.”

“मांजराला? अहो, ती काय दहावीच्या पेपरला निघाली होती?” तिचा आवाज चिरकला, पण फोन तोवर कानाला लागलाही होता.

तेवढ्यात मांजरीचं पोट दोनदा आत ओढलं गेलं आणि पांढरं पाणी गोधडीवर आलं. मग खोकला. श्वासाबरोबर घरघर. बायकोनं फोन स्पीकरवर टाकला.

“डोकं खाली करा, मागची बाजू वर,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तोंडात बोट घालू नका, बाहेरून पुसा. किती खाल्लं होतं?”

“चमचाभर,” मी म्हणालो.

बायकोनं माझ्याकडे बघितलं.

“अर्धी वाटी,” मी म्हणालो. “सकाळी मी तुम्हाला खोटं सांगितलं.”

“घेऊन या. लगेच.”

पाच रस्त्याशी रिक्षा अडकली. मांजरी माझ्या मांडीवर, तिचं खाली कललेलं डोकं बायकोच्या तळहातावर. खोकली की बरं वाटायचं. खोकायची थांबली की आम्ही दोघं वाकून बघायचो.

डॉक्टरबाईंनी कानाला नळी लावून दोन्ही बाजूंनी छाती ऐकली. बराच वेळ ऐकली. “आत्ता तरी साफ वाटतेय. पण आत काही गेलं असेल तर ते दोनेक दिवसांत कळतं. इथंच राहू दे.” मग आवाज न चढवता म्हणाल्या, “काका, उपाशी नसली तर आम्ही ओरडतो का? दुसरी तारीख देतो.”



बाहेर पायरीवर बायकोनं मुलीचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. “तुम्ही सांगा.”

“बाबा? आली का शुद्धीवर?”

“दवाखान्यात ठेवलीय,” मी म्हणालो. “मध्ये बोलू नकोस, आधी सगळं ऐक. चूक माझी आहे.”

मी सगळं सांगितलं. तिनं फोन ठेवलाय हे मला जरा उशिरा कळलं.

तिसऱ्या दिवशी मांजरी घरी आली, छाती साफ होती. मुलगी मात्र पुढं बरेच दिवस आईलाच फोन करत होती. औषध घेतलं का, टाके चाटते का, सगळं आईला विचारायची. उत्तरं मला ठाऊक असायची, कारण मांजरीपाशी मीच बसलेला असायचो. बायको फोन कानाला तसाच धरून माझ्याकडे वळायची, आणि मी सांगेन ते शब्दही न बदलता पुढं सांगायची.