पडद्याच्या मागची टॉकीज

आता माझी शोभा झालीच आहे, तर ती तिखटमीठ लावून दुसऱ्याकडून कशाला ऐकता? मीच सांगते. चहा घ्या तोवर, साय धरतेय.

मिनू झाल्यापासून मी एकही पिक्चर शेवटपर्यंत पाहिला नव्हता. वर्षाचीही नाही आमची कन्या, पण आवाज असा की खाडीपलीकडे जावा! एकदाच तिला घेऊन मल्टिप्लेक्समध्ये गेलो. जाहिराती संपायच्या आत लोक वळून वळून बघायला लागले, जणू मी पोर नाही, भोंगा आणलाय. तेव्हापासून चारचौघांत बसायचं म्हटलं की मला घाम फुटतो. ही रडली तर? लोकांना त्रास झाला तर?

आम्ही सारसोळे गावात भाड्याने राहतो. घरमालकीण हिराआजी. उभा जन्म मासळी विकण्यात गेला. तिच्या तरुणपणी इथे खाडीकाठच्या मैदानात तंबूची टॉकीज लागायची. होड्यांच्या शिडांचं कापड जोडून पडदा, आणि अख्खं गाव पिक्चरला. मग घरोघरी टीव्ही आले, तंबू गेला, मैदानही निम्मं इमारतींनी खाल्लं.

यंदा गावातल्या पोरांनी ठरवलं, एक संध्याकाळ परत तशीच टॉकीज लावायची. तसाच कापडी पडदा, तेव्हाचाच जुना पिक्चर. आणि टॉकीजचा इतिहास माइकवर कोण सांगणार? “वहिनी शिकलेल्या हायत, वहिनी बोलतील!”

झालं! वहिनी फुगल्या.

त्या संध्याकाळी मिनूला नवऱ्याच्या कडेवर देऊन मी माइक हातात घेतला, आणि बघते तर काय? हिराआजी आणि गावातल्या आणखी म्हाताऱ्या चटया काखेत मारून पडद्याच्या मागे निघालेल्या!

“आजी, तिकडे कुठे? खुर्च्या इकडे आहेत.”

“आमची जागा तिकरंच हाय गो. पयल्यापासून.”

पहिल्यापासून? म्हणजे पुरुष पुढे ऐसपैस, आणि बायकांनी मागून उलटं चित्र बघायचं? माझं डोकंच सटकलं. इतिहास राहिला बाजूला. “आजच्या काळातही बाईनं मागेच बसायचं का?” मी माइकवर कडाडले. टाळ्या! पुढच्या रांगेतले आजोबा चोरासारखे उठले. पोरं धावली, चटया ओढल्या, आणि सगळ्या आज्या पहिल्या रांगेत खुर्च्यांवर. माझा नवरा निखिल तेवढा मिनूच्या टोपीआड तोंड लपवत होता. मला वाटलं, अभिमानाने भरून आलं असेल!

पिक्चर सुरू झाला. पाचच मिनिटांत हिराआजी म्हणाली, “यो कोन? आमचा हिरो डावरा व्हता.”

“आजी, हाच तो. तुम्ही मागून बघायचात ना, म्हणून डावखुरा वाटायचा.”

“छट! आमचा त्यो असा नव्हता. आन् हिरोइनीचा तील त्या गालावं कसा गेला?”

अख्खी रांग तिळावर चर्चा करायला लागली.

“ए आय, गप की!” मागून कोणीतरी ओरडलं.

“आमी तिकरं बसाचो तवा नाय कुनी गप केला!”

एवढ्यात ज्याची भीती होती तेच झालं. माझ्या मांडीवर झोपलेली मिनू जागी झाली आणि तिने भोंगा सोडला. मी थोपटलं, झुलवलं, किल्ल्या वाजवल्या. “वहिनी, जरा…” मागून आवाज आला. मला रडूच फुटायचं बाकी होतं.

हिराआजी उठली. “चल गो.”

“कुठे?”

“पाठी.”

आणि बघता बघता सगळ्या आज्या चटया घेऊन तिच्यामागे निघाल्या! माझी क्रांती विसर्जित झाली.

पडद्यामागे खाडीचा वारा होता. कुणी पाय पसरले, कुणी पानाचा डबा काढला. मिनू ओरडतच होती आणि कुणी वळूनसुद्धा बघत नव्हतं.

“रडू दे तिला,” हिराआजी म्हणाली. “आमची समदी पोरा हितंच रडली. पुढं बाप्ये हाताची घडी घालून बसाचे. हितं आमी पोरांना पाजाचो, हसाचो, नवऱ्याला शिव्या घालाचो. दिसभर टोपली डोक्यावं, संध्याकालची ही एकच जागा आमची. आन् तू आमाला खुर्चीवर टांगलास!”

“चुकलंच, आजी.”

“आन ती पोर हिकरं.”

मिनू तिच्या मांडीवर गेली, पडद्यावरचा उजेड बघून गप्प झाली. मी चटईवर टेकले. माझा हिरोही डावखुरा झाला होता, आणि खरं सांगते, तसाच जास्त शोभत होता. आज पिक्चर शेवटपर्यंत बघणार! किती महिन्यांनी खांदे सैल सोडले असतील मी…

“ऊठ गो बाय. पिच्चर सपला.”

मी दचकून उठले. मिनू आजीच्या मांडीवर टक्क जागी, तिचा पदर चोखत होती. निखिल समोरून येत होता, चेहरा लालबुंद.

“रडली का रे मध्ये? पुढे आवाज आला?”

“मिनूचा? छे!” त्याला हसू आवरत नव्हतं. “शेवटी हिरो मरतो. आई त्याचं डोकं मांडीवर घेते. संगीत बंद, सगळे डोळे पुसतायत, आणि पडद्यातून घोरणं ऐकू येतं! अगं, अर्ध्या गावाला वाटलं, तो मेलाच नाही, नुसता झोपलाय!”