कावेरीच्या वाळूत अडकलेली खोली

कोल्हापूर सोडलं तेव्हा जीपच्या मागे आमचं चाकांवरचं घर होतं. कारखान्यातून लवकर निवृत्ती घेऊन माझ्या यजमानांनी, माधवरावांनी, ते मित्राच्या वर्कशॉपात स्वतः बांधलं होतं. हँडल फिरवलं की त्याची एक बाजू पलंगासकट रुळांवरून बाहेर सरके आणि आतल्या बोळाची चक्क खोली होई. मुलांनी त्याला वेडेपणा म्हटलं. मलाही तसंच वाटत होतं, फक्त मी बोलले नव्हते.

तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं बोलणं ऐकून एक बाई थांबल्या. सरोजाबाई, निवृत्त शिक्षिका. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. "तुम्ही कोठून आलांत? तुम्हां लोकांचें मराठी फार धांवतें!" म्हणत त्या हसल्या आणि आम्हांला तिरुवैयारूला आपल्या घरी घेऊन गेल्या.

त्यांच्या नारळबागेखाली कावेरी कोरडी पडली होती. माधवरावांना पात्रातली वाळूच आवडली. तिथे घर उभं करून त्यांनी खोली बाहेर काढली. दोन दिवस सुखाचे गेले. सरोजाबाईंच्या तिण्णैवर (घरापुढच्या ओट्यावर) केळीच्या पानावर वत्तकुळंबु (चिंचेचं घट्ट कालवण) आणि भात जेवायचा आणि खिडकीतून नदी बघत लवंडायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या धावतच आल्या. "धरणाचें पाणी सोडलें होतें, तें जवळ आलें म्हणतात. दुपारीं येथें असेल. घर काढा!"

माधवरावांनी हँडल फिरवलं. खोली वीतभर आत आली आणि अडली. ती बाहेर असताना दोन माडांमधल्या चढावरून घर निघणं शक्य नव्हतं. त्यांनी जोर लावला, तसं हँडल वाकायला लागलं.

"जीपनं ओढतो," ते म्हणाले. ते जीपकडे निघालेही.

"रूळ तुटतील. थांबा जरा," मी म्हटलं.

निदान भांडी तरी वाचवावीत म्हणून मी आत गेले. पातेल्यातलं ताक एका काठाला टेकलं होतं.

"अहो, घर कलंडलंय!"

एक चाक वाळूत रुतलं होतं आणि रूळ तिरपे झाले होते. माधवरावांनी जॅक लावला, सरोजाबाईंनी फळ्या आणल्या. घर सरळ झालं, तरी खोली कुरकुरतच राहिली. माधवरावांनी रुळांना प्रेमाने थापलेल्या ग्रीसला वाळू चिकटून त्याचा नुसता काचकागद झाला होता. तिघांनी रॉकेलच्या फडक्यांनी रूळ पुसले, खोलीच्या छपरावर पडलेला नारळाचा मोहोर झाडला. या वेळी हँडल मी धरलं. खोली अलगद आत गेली.

घर काठावर चढवून आम्ही मागे पाहिलं. पाणी गर्जत वगैरे आलं नाही. पाचोळा ढकलत, फेसाची तपकिरी कड वाळू चाटत आली. नव्या पाण्याच्या स्वागताला काठावर बायका फुलं घेऊन उभ्या होत्या. बघता बघता आमच्या चाकांच्या खुणा बुडाल्या.

पावसाळ्यात घाट नको म्हणून घर जीपसकट सरोजाबाईंच्या आवारातल्या छपराखाली ठेवलं. खोली उघडून कडांचं रबर धुऊन वाळवलं, चिकटू नये म्हणून त्याला पावडर लावली आणि खोली पुन्हा आत घेतली. ग्रीसचा डबा माधवरावांनी आपणहून बाजूला ठेवला.

"मधून मधून उघडून पाहूं काय?" सरोजाबाईंनी विचारलं.

"पाहा की. आधी घर सरळ आहे ना, ते मात्र बघा," मी सांगितलं. मी! माधवराव माझ्याकडे बघतच राहिले.

आम्ही रेल्वेने परतलो. शेजारणी तंजावूरच्या मोठ्या देवळाबद्दल विचारतात आणि मी हौसेने सांगतेही. पण घरातल्या सगळ्या खोल्या जागच्या जागी बघून हल्ली मला जरा कंटाळाच येतो.