परक्यांना म्हणायचं वाक्य

नाना गेल्याचं मला चितेगावच्या कंपनीत, जेवणाच्या सुट्टीत कळलं. फोनवर माय एवढंच म्हणाली, "आटपलं." मी डबा संपवला आणि मग निघाले. आमच्या घरात पाहुण्यांची पंगत उठल्याशिवाय आम्हाला घास मिळत नसे, त्यामुळे वेळेवर जेवायची संधी मी सहसा सोडत नाही. वडील वारले तरी नाही सोडली. तेव्हापासून परदेशातून फोन येताहेत. लोक हुंदके देत बोलतात, आणि सगळ्यांचं सांगणं एकच, की तुमचे वडील आम्हाला घरच्यासारखे होते. असतील. घरच्यांना तेवढे ते कधी घरचे वाटले नाहीत.

नाना वेरूळच्या लेण्यांवर गाईड होते. शाळा अर्ध्यात सोडलेला शेतकऱ्याचा पोरगा, गोऱ्या पाहुण्यांच्या मागं फिरून फिरून इंग्रजी शिकला, आणि असं शिकला की कैलास लेण्यापुढं उभा राहून बोलायला लागला की माणसं कॅमेरे खाली करून ऐकत. हे श्रेय त्यांचं, ते मी काढून घेणार नाही. त्यांचे पाहुणे टॅक्सीतून आणणारे रफिकचाचा मला नेहमी म्हणायचे, "बेटी, तेरे नाना के जैसा आदमी नहीं देखा. गोरे लोगां जाते वक्त रोते." रडायचेच. पाहुण्यांमधली एक म्हातारी एकदा हॉटेलात तापानं फणफणली, तर नाना रात्रंदिवस तिच्या उशाशी बसले, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. त्याच आठवड्यात मायलाही हिवताप होता. ती उन्हातून चालत दवाखान्यात गेली आणि येताना पाहुण्यांसाठी वांगी घेऊन आली... नानांनी वांगी जून निघाली म्हणून तिला चार बायकांसमोर झापलं.

छावणीच्या पलीकडं, वेरूळच्या रस्त्याला आमचं घर. लेणी बघून झाली की नाना खास पाहुण्यांना घरी जेवायला आणत. घरात गॅस होता, पण पाहुण्यांना गॅस कसा दाखवायचा? म्हणून अंगणात चूल मांडलेली. मायनं नऊवारी नेसून तिथं भाकरी थापायच्या, पाहुण्यांनी फोटो काढायचे. एरवी माय साधी गोल साडी नेसायची, नऊवारी ट्रंकेतच असायची. धुरानं तिचे डोळे वाहायला लागले की एखादी बाई कळवळून विचारायची, आणि नाना छातीवर हात ठेवून सांगायचे, "शी इज क्राइंग ऑफ हॅपिनेस." आनंदाश्रू म्हणे. पाहुणे निघाले की दारात त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन, डोळे भरून नाना म्हणत, "यू आर लाइक फॅमिली टू मी." मागं आम्ही दोघी हात जोडून उभ्या. फॅमिलीला या घरात कसं वागवतात हे आम्हाला ठाऊक होतं, त्यामुळं त्या बापड्यांची मला कीवच यायची.

पाहुणे यायचे असले की आदल्या संध्याकाळी तालीम असे. नाना खुर्चीत, आम्ही मायलेकी खाली सतरंजीवर. 'लाइक फॅमिली' घालून वाक्यं करायची. पाहुण्याला म्हण, पाहुण्याच्या बायकोला म्हण, ड्रायव्हरबद्दल म्हण. मायच्या वाट्याला शेवटचं वाक्य होतं, पाहुणे गाडीत बसताना म्हणायचं : "थँक यू, प्लीज कम अगेन." तिची जीभ अडखळली की नाना तिच्या माहेरचा उद्धार करत. ती पुन्हा म्हणायची, बिनचूक होईस्तोवर. एका संध्याकाळी माझी पाळी आली. मी नववीत असेन. मी म्हटलं, "नाना, यू आर लाइक फॅमिली टू मी." का म्हटलं, मला आजही नीट सांगता येत नाही... बहुधा ते आपलेही हात हातात घेतील असं वाटलं असेल. नाना हसले. "येडी का काय तू? घरच्याला असं म्हणत नसतात. हे परक्यांना म्हणायचं."

"मग घरच्यांना काय म्हणायचं?"

त्यांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "घरच्यांना कशाला काय म्हणायचं?"

माय उठून भाकरीचं पीठ चाळायला गेली. मी मात्र त्या दिवसापासून वाट बघत राहिले. मोठी झाले, नोकरीला लागले, केस पिकायला लागले, तरी वाट काही सुटली नाही. माणूस कितीही कोडगा असला तरी जाताना एखादा शब्द घरच्यांसाठी ठेवतोच, अशी माझी समजूत होती.

यंदा त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि मराठी साफ पुसली गेली. उरली ती इंग्रजीची दोन-चार वाक्यं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, रोज घोटलेलं तेवढं मागं राहतं. रजा होती तोवर मी दवाखान्यात राहिले, त्यांचं सगळं केलं. एका सकाळी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी डाव्या हातानं माझा हात धरला. डोळे भरून आले होते. मी चमचा खाली ठेवला. नाना अगदी स्पष्ट, दारात उभं राहून म्हणावं तसं म्हणाले, "यू आर लाइक फॅमिली टू मी."

ज्या हातांची मी आयुष्यभर वाट पाहिली, ते हात आले ते असे. मी त्यांना ओठ पुसायला फडकं दिलं आणि पेज भरवत राहिले. राग आला होता, अजूनही आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. ज्यांना जमतं त्यांनी रागावू नये. माय पलीकडं स्टुलावर बसून सगळं बघत होती.

ती बोलली ती शेवटच्या दिवशी. अंगणातून तिरडी उचलली, बायांनी गळे काढले. माय दारात तिच्या नेहमीच्या जागी उभी राहिली, पदर नीट केला, हात जोडले आणि म्हणाली, "थँक यू." लोकांना वाटलं देवाचं नाव घेतेय. रफिकचाचा तिरडीमागं निघाले होते, ते थबकले. त्यांनी ते वाक्य टॅक्सीत बसून इतकी वर्षं ऐकलं होतं, पुढचं काय ते त्यांनाही पाठ होतं. ते वाट बघत थांबले... मीही थांबले. मायनं ओठ मिटून घेतले आणि आत गेली.

परवा त्या तापानं फणफणलेल्या म्हातारीच्या मुलीचा फोन आला. नानांच्या आठवणीसाठी तिला आमच्या घरी यायचंय, त्या चुलीवरची भाकरी खायचीय. मी फोनवर हात ठेवून मायला विचारलं. माय अंगणात होती. चुलीवर धुतलेली पातेली पालथी घालत होती. हल्ली चुलीचा तेवढाच उपयोग.

"ये म्हणावं," माय म्हणाली. "पण भाकर ग्यासवरची मिळंल. अन् आधी आपण जेवू."