बाबांचा अश्मा

बाबा कारखान्यात भट्टीवर होते. लोखंड किती तापलं की कसा रंग येतो, हे ते डोळ्यांनी ओळखत. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना आजारी पडले, तेव्हा एका संध्याकाळी मला म्हणाले, "मला विद्युतदाहिनीत घाल. लाकडं जाळू नकोस."

मी "हो" म्हणालो. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "स्वतःची व्यवस्था करून मोकळे झाले. मागे राहणाऱ्यांना विचारायचं नाही."

ते गेले त्या सकाळी इंद्रपुरीतल्या आमच्या, कारखान्याने दिलेल्या क्वार्टरच्या अंगणात शेजारी जमले. कारखान्यात बाबांच्याच शॉपमधले एक काका, मूळचे सागरचे, सगळं बघत होते. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "लकड़ी या बिजली, बेटा?"

मी आत जाऊन आईला बाबांचं म्हणणं पुन्हा सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"तिथे प्रदक्षिणा नाही, मडकं नाही," ती म्हणाली. "मग अश्मा कुठला? दहा दिवस पाणी कशावर द्यायचं?"

ज्या दगडाने मडक्याला भोक पाडतात, तोच अश्मा. दहाव्यापर्यंत गेलेला माणूस त्या दगडात असतो, अशी आईची समजूत होती. माझी नव्हती. पण बाबा आता काही ऐकणार नव्हते आणि आई समोर बसली होती. मी बाहेर येऊन "लकड़ी" म्हणालो.

स्मशानात, विश्रामघाटावर, मी खांद्यावर मडकं घेऊन चितेभोवती फिरलो. काकांनी मागून दगडाने भोकं पाडली. शेवटी मडकं फुटलं, काकांनी हातातला दगड टाकून दिला. त्यांच्याकडच्या रीतीत तो जपून ठेवत नाहीत. जपायचा होता तो मी, आणि मी जाळाकडे बघत उभा होतो. लाकडं ओली होती. बाबांना हा जाळ अजिबात आवडला नसता, एवढंच मनात येत होतं.

फाटकापाशी पोचल्यावर आठवलं. परत गेलो. चौथऱ्याभोवती नवी खडी पसरलेली होती, सगळे दगड काळे, मुठीएवढे. चितेच्या आचेमुळे फार जवळ जाता येईना.

"क्या ढूँढ रहे हो?" काकांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी खाली वाकून थोडा वेळ माझ्याबरोबर शोधलं. मग म्हणाले, "कोई भी उठा लो, बेटा. सब एक ही गिट्टी है."

मी एक उचलला. घरी आईने विचारलं, "हाच ना?"

"हो."

मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली तो वाटीत ठेवला. रोज मी त्याच्यावर तिळाचं पाणी सोडायचो आणि आई पायरीवर बसून त्याच्याशी बोलायची. दूधवाला सुट्टीवर गेलाय. तुमचा चष्मा सापडत नाही. सहाव्या दिवशी म्हणाली, "क्वार्टर सोडायला सांगितलंय. कुठे जायचं ते तुम्ही कधी बोललाच नाहीत." आणि दगडाकडे बघत राहिली. ते क्वार्टर आमचं नाही, हे मलाही तेव्हाच नीट कळलं. मी उठून आत गेलो. हा तो दगड नाही, हे आठव्या दिवशी तिला सांगायचं ठरवलं होतं. ती दगडावरच्या मुंग्या बोटाने हलकेच बाजूला करत होती.

दहाव्याला होशंगाबादला नर्मदेवर गेलो. अस्थी सोडल्या. मग मी तो दगड उचलला.

"भिरकावू नकोस," आई म्हणाली. "हळू सोड. दचकतील."

मी कोपरापर्यंत हात पाण्यात घालून सोडला.

आता आई माझ्याकडे असते, भाड्याच्या दोन खोल्यांत. परवा भाजी निवडताना म्हणाली, "माझंही त्यांच्यासारखंच कर. आणि अश्मा तेवढा सांभाळून आण."

मी "हो" म्हणालो. मला दुसरं काही म्हणता येत नाही.