हेल्मेट घालून आलेला पाहुणा

वडील गेल्याच्या चौथ्या दिवशी दतिया गेटजवळ राहणारा एक नट समाचाराला आला आणि हेल्मेट घालूनच बसला. टीव्हीवरच्या विनोदी मालिकेत तो रडका पोस्टमन व्हायचा. काम दोन मिनिटांचं, पण त्याचं रडणं पाहून सगळी झाशी हसायची.

"भैया, हेल्मेट तो उतारिए," आई म्हणाली.

"रहने दीजिए, भाभीजी. लोग हँस देते हैं."

मग माझ्याकडे वळून तो हळूच म्हणाला, "घरवाली अस्पताल में है. बचेगी नहीं. उस दिन मैं रोऊँ और लोग हँस पड़ें तो?"

डोळे पुसायला त्याने अखेर हेल्मेट काढलं. त्याचा खालचा ओठ थरथरला, आणि वडिलांच्या दिव्यासमोर बसून मला हसू आवरेना.